मत्स्यबीज केंद्राची सहल: कधी जावं, काय बघावं?

भातुकली
सहा आणि अकरा वर्षांची दोन मुलं, सोबत सत्तरीच्या आजी. एका सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना मत्स्यबीज केंद्र दाखवायचा विचार आहे. मत्स्यालय नको, काचेआडचे रंगीत मासे बघून झालेत. अंडी, पिल्लं, ती वाढवायची पद्धत हे सगळं प्रत्यक्ष दिसावं अशी अपेक्षा आहे. कधी गेलं तर खरोखर काही चालू असतं? किती वेळ पुरतो? आजींना झेपेल का? मुलांना माशांना हात लावता येतो का? जाणकारांनी कृपया तपशिलात लिहावं. "छान असतं, जाऊन या" एवढंच नको.

बगळोपंत
छान असतं, जाऊन या. :)

गाळ_काढा
बगळोपंत, तुम्हाला तिथे प्रवेश नाही. तळ्यांवरची जाळी खास तुमच्यासाठीच टाकलेली असते.

भातुकली, फोन कराल तेव्हा "केंद्र चालू आहे का" असं विचारू नका. त्यावर "हो, या की" हेच उत्तर मिळणार. विचारायचं ते असं: "पुढचं इंजेक्शन कोणत्या दिवशी आहे आणि आत्ता हौदात कितव्या दिवसाचा माल आहे?" सहल जमणार की फसणार ते या एका प्रश्नावर ठरतं.

रोहू, कटला, मृगळ या कार्प माशांच्या केंद्रात एक चक्र साधारण पाच दिवसांचं असतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी नर-मादी निवडून त्यांना अंडी घालायला लावणारं संप्रेरकाचं इंजेक्शन देतात आणि प्रजनन हौदात सोडतात. पहाटे मासे अंडी घालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंडी उबवणीच्या गोल हौदात जातात. पाणी २७ ते २९ अंश असेल तर १४ ते १८ तासांत अंडी फुटतात, म्हणजे तो सोहळा संध्याकाळी उशिरा किंवा रात्रीच होतो. पुढचे तीन दिवस पिल्लं पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतात, तोंडाने काही खात नाहीत. मग ही पिल्लं, म्हणजे मत्स्यजिरे, मोजून पिशव्यांत भरतात किंवा संगोपन तळ्यात सोडतात.

पाहुण्यांना बघण्यासारखे क्षण तीन: निवड आणि इंजेक्शनची संध्याकाळ, अंडी हलवण्याची सकाळ, आणि जिरे भरण्याची पहाट. मधल्या दिवसांत गेलात तर गोल गोल फिरणारं पाणी दिसेल. दहा मिनिटांत "झालं? आता घरी?" सुरू होईल.

हंगाम पावसाळ्याचा. एरवी प्रजनक मासे तळ्यात आणि हौद कोरडे. सायप्रिनस (कॉमन कार्प) त्याला अपवाद, तो पावसाची वाट बघत बसत नाही.

तरंग
ट्राउटचं, म्हणजे थंड पाण्यातल्या माशाचं, केंद्र असेल तर वरचं वेळापत्रक विसरा. तिथे पाणी ८ ते १२ अंश आणि सगळा कारभार संथ. पाण्याचं सरासरी तापमान गुणिले दिवस, हा गुणाकार ३०० ते ३३० झाला की इंद्रधनुषी ट्राउटची अंडी फुटतात. १० अंशाला महिनाभर लागतो. साधारण निम्म्या वाटेवर अंड्यात दोन काळे डोळे दिसू लागतात. मुलांना न्यायला ही सगळ्यात चांगली वेळ, कारण डोळे साध्या नजरेला दिसतात आणि त्या अवस्थेतली अंडी हाताळणी सोसतात.

त्याच्या आधीचे दिवस मात्र नाजूक. फलन होऊन दोनेक दिवस उलटले की डोळे दिसेपर्यंत ट्रेला धक्का लागला तरी अंडी मरतात. म्हणून उबवणीच्या खोलीत ट्रेला टेकून उभं राहायचं नाही. तिथे मुद्दाम अंधारही ठेवतात, कारण थेट उजेडाने अंड्यांना इजा होते. मोबाइलचा टॉर्च खिशातच ठेवा.

आटपाट
म्हणजे अंधारात, कुठेही न टेकता, टॉर्चशिवाय उभं राहून न दिसणारी अंडी बघायची. सहा वर्षांचं पोर खूश होणार!

तरंग
आटपाट, म्हणूनच "डोळे आलेत का" हे फोनवर विचारून जायचं. आणि ट्राउटच्या केंद्रात बाहेर लांबट सिमेंटचे वाहते हौद असतातच. काठावर उभं राहिलं की पाव किलोपासून दोन किलोपर्यंतचे मासे प्रवाहाकडे तोंड करून रांगेत दिसतात. लहान मुलाचा अर्धा तास तिथेच जातो.

भिंगवाला
भातुकली, दोन वस्तू न्या: दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि पांढरी, उथळ प्लॅस्टिकची बशी. बाकी दुर्बीण वगैरे घरी ठेवा.

कार्पची अंडी पाण्यात पडली की पाणी शोषून फुगतात आणि चार-पाच मिलिमीटरची होतात. भिजलेल्या साबुदाण्यासारखीच दिसतात, फक्त पूर्ण पारदर्शक आणि मध्ये छोटा पिवळसर ठिपका. सकाळी दहा-अकराच्या सुमारास कर्मचाऱ्यांना विचारून चमचाभर अंडी बशीत घ्यायची (पाण्यासकट!) आणि मुलांना शंभर मोजायला लावायची. त्यात दुधाळ पांढरी किती ते बघायचं. ती फलित न झालेली किंवा मेलेली. शंभरात पंधरा-वीस पांढरी असतील तर काम चांगलं झालंय. केंद्रातली माणसं फलनाचं प्रमाण असंच काढतात. फार लवकर मोजू नका, पहिल्या तास-दोन तासांत वांझ अंडीही स्वच्छच दिसतात.

दुपार कलल्यावर तीच अंडी भिंगाखाली बघा. आत गर्भ स्वल्पविरामासारखा वाकलेला असतो आणि मधूनच शेपटीला झटका देतो. एक अंडं धरून नजर स्थिर ठेवायची, झटका आला की मोजायचं. जसजशी फुटायची वेळ जवळ येते तसतसे झटके वाढतात, कारण याच हालचालीने आणि आतून सुटणाऱ्या पाचकरसाने कवच पातळ होऊन फाटतं.

बाहेर आलेलं पिल्लू पाच मिलिमीटरचं, काचेसारखं आरपार. दुसऱ्या दिवशी भिंगातून त्याचं हृदय धडधडताना दिसतं, डोक्याच्या मागे, पिवळ्या पिशवीच्या पुढच्या टोकाशी. म्हणून गाळ_काढा यांच्याशी थोडी असहमती: मधले दिवस वाया नसतात, भिंग नसलं तर वाया.

गाळ_काढा
मान्य. भिंग असेल तर मधले दिवस चालतील. पण बशी हौदावर धरून बघायची नाही, पाच मिनिटांत परत ओतायची, आणि ओतायच्या आधी त्यात कुणी बोट घालायचं नाही.

शेवाळ
बोटावरून आठवलं, हे कुणी लिहिलं नाही अजून: डास पळवायचं मलम आणि सनस्क्रीन. दोन्ही पाण्यात उतरतात आणि जिऱ्यांना घातक ठरू शकतात. तिथे डास असणारच, त्यामुळे पूर्ण बाह्या आणि पूर्ण विजारी घाला. मलम लावायचंच तर घोट्यांना आणि मानेला, तळहात कोरे. साबणाने धुतलेले हातही भरपूर पाण्याने खळखळून घ्यायचे.

दारात पाय बुडवायचा चौकोनी खड्डा असतो, त्यात पोटॅशियम परमँगनेट किंवा ब्लीचिंगचं पाणी. त्यावरून उडी मारायची नसते. मुलं हमखास मारतात. दुसऱ्या तळ्यावरून आलेला चिखल बुटांच्या तळव्यातून रोगजंतू आणि परजीवी घेऊन येतो, म्हणून तो खड्डा. त्याच दिवशी आधी दुसऱ्या तळ्याकाठी खेळून पुढे केंद्रात जायचा बेत असेल तर बूट बदला.

पादत्राणं: खोल खाचांचा रबरी तळवा. हौदांच्या कडेला हिरवा थर धरलेला असतो, गुळगुळीत चपलेने माणूस थेट आडवा होतो. प्रजनक माशांचं तळं दीड ते दोन मीटर खोल असतं आणि काठ उतरता, ओला. सहा वर्षांचं मूल बांधावर कायम मोठ्यांच्या हाताशी हवं, दोन पावलं पुढेसुद्धा नाही.

चिंगळी
एक शंका. इंजेक्शन, पोट दाबून अंडी काढणं हे मुलांना दाखवावंच का? सहा वर्षांच्या मुलीला ते क्रूर वाटेल. तिला फक्त पिल्लं दाखवा.

गाळ_काढा
काय होतं ते सांगतो, मग ठरवा. मासा ओल्या स्पंजवर आडवा ठेवतात, डोळ्यांवर ओलं फडकं. ते टाकलं की तो बराच शांत होतो. सुई शेपटीच्या देठाजवळ किंवा पाठीवरच्या पराच्या बुडाशी, खवल्याखालून तिरकी स्नायूत घालतात. ओव्हाप्रिमसारखं तयार औषध मादीला किलोला ०.४ ते ०.५ मिलि आणि नराला ०.२ ते ०.३ मिलि. म्हणजे तीन किलोच्या मादीला फार तर दीड मिलि. अख्खं काम पंधरा-वीस सेकंदांचं. मासा परत पाण्यात. पोट दाबून अंडी काढणं कार्पमध्ये नेहमी लागत नाही, नर-मादी हौदात आपलं आपणच उरकतात.

अकरा वर्षांच्या मुलाला मात्र निवड जरूर दाखवा. प्रजननाच्या काळात नराच्या छातीकडच्या परांची वरची बाजू खरखरीत लागते, मादीची गुळगुळीत. मादीचं पोट मऊ, फुगीर, मलद्वार लालसर. नराचं पोट हलकं दाबलं की दुधासारखा पांढरा थेंब येतो. कर्मचारी परवानगी देतील तर ओल्या हाताने पर चाचपून बघता येतो. हात कोरडा असेल तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथेच बुरशी धरते. हात लावायच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच: ओला हात, एकदाच, सांगितलं तरच.

तरंग
ट्राउटमध्ये मात्र पोट दाबूनच काढतात. मोठ्या माशांना आधी भूल देतात, त्यासाठी लवंगेचं तेलही वापरतात. अंडी कोरड्या भांड्यात घेतात, त्यावर नराचं वीर्य, हलकं ढवळायचं, आणि पाणी शेवटी. पाणी आधी घातलं तर शुक्राणू मिनिटभरातच थंडावतात आणि अंड्याचं छिद्रही मिटत जातं. चिंगळी, ज्यांना बघवत नाही त्यांनी तेवढा वेळ बाहेरच्या हौदांपाशी थांबावं. सगळ्यांनी सगळं बघायलाच हवं असं कुठे आहे?

चिंगळी
ठीक. डोळ्यांवर फडकं टाकतात हे माहीत नव्हतं.

आटपाट
दाताच्या डॉक्टरांनीही हे सुरू करावं.

भातुकली
खूप उपयोगी माहिती मिळतेय, सर्वांचे आभार. मुलांचे प्रश्न आत्तापासूनच सुरू झालेत: पाणी गोल का फिरवतात? आई-बाबा मासे अंडी खातात का? आणि थोडी पिल्लं घरी आणता येतील का?

गाळ_काढा
गोल पाणी: रोहू-कटल्याची अंडी चिकट नसतात आणि पाण्यापेक्षा किंचित जड असतात. नदीत प्रवाह त्यांना उचलून नेतो. स्थिर पाण्यात ती तळाला बसतात, एकमेकांवर थर चढतो आणि खालची गुदमरतात. म्हणून हौदाच्या तळाशी चपट्या तोंडाचे नळ तिरके बसवलेले असतात, सगळे एकाच दिशेला. कोपरा असता तर तिथे अंडी साचली असती, म्हणून हौद गोल. मध्ये बारीक जाळीचं नळकांडं, त्यातून जादा पाणी निघून जातं. मुलाला सांगा, एक अंडं नजरेने पकड आणि ते फेरी पूर्ण करतं का बघ. पिल्लं बाहेर येत असताना वेग कमी करतात, कारण ती तेव्हा जाळीवर आपटून मरू शकतात.

सर्वात मोठा धोका पंप बंद पडण्याचा. काही मिनिटांतच अंडी तळ गाठतात. दुसरा धोका फुटलेल्या कवचांचा: ती जाळीवर चिकटतात, पाणी तुंबतं, हौद भरून वाहतो आणि पिल्लं नाल्यात. म्हणून त्या रात्री एक माणूस सतत जाळी हाताने पुसत असतो. मुलांना घरातूनच बजावून न्या: कुठल्याही व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. रंगीत चाक दिसलं की फिरवायचा मोह होतोच.

आई-बाबा: अंडी घालून झाली की त्यांना हौदातून बाहेर काढतात. राखण करणं हा त्यांचा स्वभाव नाही.

तरंग
बोअरचं पाणी आधी उंच टाकीवर फवाऱ्यातून का पाडतात हेही मुलांना दाखवा. जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कधी कधी इतर वायू जादा विरघळलेले असतात. तसंच सोडलं तर पिल्लांच्या अंगात बुडबुडे धरतात आणि ती उलटी होऊन तरंगतात.

नाकतोडा
घरी पिल्लं आणायच्या प्रश्नावर: नका आणू. तीन दिवसांच्या जिऱ्यांना डोळ्याला न दिसणारे जिवंत प्राणीप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) लागतात. काचेच्या वाडग्यात ते नसतात, एक-दोन दिवसांत संपतो खेळ, आणि मग घरात रडारड. आणि उलटही करू नका: घरच्या टाकीत मोठा झालेला गोल्डफिश "इथे मजेत राहील" म्हणून केंद्राच्या तळ्यात सोडणं. तो सोबत काय काय आजार घेऊन येईल सांगता येत नाही.

त्यापेक्षा संगोपन तळ्याकडे जा, ते हौदाइतकंच मजेदार असतं आणि तिथे गर्दीही नसते. जिरे सोडण्याआधी तळ्यातले किडे मारावे लागतात. पाठीवर उलटे पोहणारे किडे, पाणविंचू वगैरे जिरे पकडून रस शोषतात. त्यांच्यावर उपाय साबण आणि खाद्यतेलाचं मिश्रण, वजनाने एकास तीन, पाण्यावर शिंपडायचं. तेलाचा तवंग पसरला की श्वास घ्यायला वर येणाऱ्या किड्यांच्या नळ्या बंद होतात. चतुराच्या अळ्या मात्र यातून सुटतात, त्या पाण्यातलाच प्राणवायू घेतात, वर येतच नाहीत. त्यांना जाळं मारूनच काढावं लागतं. वाऱ्याच्या दिवशी तवंग एका काठाला जातो आणि सगळी मेहनत पाण्यात.

बगळोपंत
शब्दशः.

नाकतोडा
:) आणि मुलांना गणित घालायला बरं: मादीच्या दर किलोमागे लाख ते दोन-अडीच लाख अंडी. त्यातली ८० टक्के फलित धरा. साध्या मातीच्या तळ्यात सोडलेल्या जिऱ्यांपैकी पंधरा-वीस दिवसांनी इंचभर मत्स्यबीज होणारे ३० ते ४० टक्के. पुढे दोन-तीन महिन्यांनी बोटाएवढी बोटुकली. मधल्या टप्प्यांवर किती गळतात ते मुलांनाच कर्मचाऱ्यांना विचारू द्या, प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा.

आटपाट
सहलीला गणित? पोरं पुढच्या वेळी मत्स्यालयच मागतील.

भिंगवाला
अवांतर: हे सगळं शक्य झालं ते संप्रेरकांमुळे. बंद पाण्यात हे मासे वाढतात, पण अंडी घालत नाहीत. त्याआधी बीज नदीतून गोळा करावं लागे आणि त्यात शिकारी माशांचं बीज मिसळून येई. १९५७ साली १० जुलैला ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्पचं प्रजनन घडवलं. त्या तारखेला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. तेव्हा दुसऱ्या माशांच्या डोक्यातून ग्रंथी काढून अल्कोहोलमध्ये साठवायला लागायच्या, आता तयार कुपी मिळते.

शेवाळ
खाद्य टाकण्याबद्दल. मुलांना तेच सगळ्यात आवडतं, पण ब्रेड, चुरमुरे, बिस्किटं नेऊ नका. न खाल्लेलं तळाशी कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. केंद्राचे तरंगते दाणे मागा, मूठभरच, आणि दोन-तीन मिनिटांत संपतील एवढेच टाका. भरण्याच्या दिवशी तर विचारूही नका. बीज पिशवीत घालण्याआधी एक दिवस उपाशी ठेवतात, नाहीतर वाटेत विष्ठा आणि अमोनियाने पिशवीतलं पाणी खराब होऊन निम्मा माल मरतो. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू, वर घट्ट रबर. तो भरतानाचा फुस्स आवाज मुलांना जाम आवडतो.

भातुकली
वाचनखूण साठवली. आजींचं कुणी बोललं नाही.

शेवाळ
आजींसाठी फोनवर तीन गोष्टी विचारा: गाडी उबवणीच्या शेडपर्यंत जाते का, स्वच्छतागृह शेडजवळ आहे का, बसायला खुर्ची मिळेल का. हौदांच्या कठड्याची उंची बहुतेक कमरेएवढी असते, खुर्चीवर बसूनही आत दिसतं. बांधांवर त्यांना नेऊ नका, पावसाळ्यात ती माती निसरडी आणि गवतात साप असू शकतो. त्यांनी शेडमध्ये बसून बशीतली अंडी मोजावीत.

चिंगळी
वेळ किती लागतो हेही राहिलंच. शेड आणि तळी मिळून दोन तास पुरे. भर दुपारी काही घडत नाही, मासेही उन्हात खोल जातात. ध्रुवीकरण करणारा गॉगल असेल तर पाण्यावरची चमक कमी होऊन आतले मासे दिसतात, आळीपाळीने वापरा. आणि कोळंबीच्या केंद्राचा विचार असेल तर सोडा, रोगाच्या भीतीने तिथे बाहेरच्यांना बहुधा आत घेत नाहीत.

भातुकली
तर बेत असा: कार्पचं केंद्र, इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. नऊ-साडेनऊला पोचतो, आधी तळी बघू, मग शेड.

गाळ_काढा
उलटं करा. साडेसहा-सातला पोचा आणि आधी शेडमध्ये जा. साडेनऊपर्यंत प्रजनन हौद रिकामा होऊन धुतलेलाही असेल. अंडी जाळीच्या झोळीत गोळा होताना, मग बादलीने मोजून हलवताना बघायची तर तीच वेळ. तळी नंतर, त्यांना घाई नाही. भिंगवाल्यांचं शंभर अंड्यांचं मोजणं दहाच्या पुढे. आणि आदल्या रात्री परत एक फोन करा: पाणी थंड पडलं की मासे उशिरा अंडी घालतात, कधी घालतच नाहीत.